मेन स्विच बंद, तरी बॅटरी रिकामी

दोन वर्षांपूर्वी मी कॅम्परची (आत राहता-झोपता येणाऱ्या गाडीची) धडधाकट बॅटरी उगाचच बदलली. इंजिनची नव्हे, आतले दिवे आणि पंप चालवणारी वेगळी असते ती. गाडी उभी केली की पाच दिवसांत आतले दिवे मंद, पाण्याचा पंप कण्हतोय, हे सारखं व्हायला लागलं होतं. भाऊ फोनवर म्हणाला, "बॅटरी गेली, दुसरी टाक." टाकली. सहाव्या दिवशी नवीनही आडवी! जुनी मात्र चार्ज करून ठेवलेली, घरात एका कोपऱ्यात फळीवर नुसती पडून होती. तीन आठवड्यांनी सहज मल्टिमीटर (व्होल्ट आणि करंट मोजायचा मीटर) लावला तर 12.5 व्होल्ट. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. चोर बॅटरीत नव्हता, गाडीत होता.

म्हणून माझा क्रम असा: आधी बॅटरीला गाडीपासून वेगळी करून पाहायचं, आणि मगच तिला दोष द्यायचा.

बॅटरी चार्जरवर पूर्ण भरा. निगेटिव्हची केबल आधी काढा, मग पॉझिटिव्हची. परत जोडताना उलट, निगेटिव्ह शेवटी. हातातल्या अंगठ्या-बांगड्या आधीच काढून ठेवा. पाना आणि अंगठी मिळून शॉर्ट झालं तर बोट भाजतं. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, तेव्हा जवळपास ठिणगी नको. आता बॅटरी एक रात्र तशीच राहू द्या. चार्जर काढल्या काढल्या मीटर 13 च्या वर दाखवतो, ती नुसती वरवरची सूज असते. सकाळी साध्या लेड-ॲसिड बॅटरीला 12.6 ते 12.7 यायला हवेत. 12.2 म्हणजे निम्मी, 12 च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी.

चार-पाच दिवसांनी परत मोजा. आकडा जवळपास तिथेच असेल तर बॅटरी स्वतःहून उतरत नाही. सुटी ठेवूनही घसरत असेल तर मात्र तिचंच काहीतरी बिघडलंय. झाकणं उघडणारी असेल तर हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता मोजणाऱ्या नळीने) सहाही सेल, म्हणजे आतले कप्पे, तपासा: भरलेल्या सेलमध्ये साधारण 1.265 ते 1.28 येतं, आणि एखादा सेल बाकीच्यांपेक्षा 0.05 किंवा जास्त मागे असेल तर त्या बॅटरीचा नाद सोडा. पाणी कमी असेल तर डिस्टिल्डच घाला. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढंच आधी, बाकीचं चार्ज झाल्यावर. कित्येक दिवस रिकामी राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे बसतात. ती लगेच 'भरते' आणि लगेच संपते. व्होल्टेज छान दिसतं, पण दोन दिवे लावले की कोसळतं. त्यामुळे नुसत्या व्होल्टेजवर विश्वास नको, थोडा लोड टाकूनही बघा.

बॅटरी ठीक निघाली तर आता गाडीतला चोर शोधायचा. मल्टिमीटरची लाल वायर 10 अँपिअरच्या भोकात घाला. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून केबल आणि टर्मिनल यांच्या मध्ये मीटर जोडा, म्हणजे सगळा करंट मीटरमधून जाईल. या अवस्थेत इंजिन सुरू करायचं नाही, पंप किंवा इन्व्हर्टरवरचं काही चालवायचं नाही. मीटरचा फ्यूज उडेल. माझा उडालाच, पण वेगळ्या मूर्खपणाने: करंट मोजून झाल्यावर लाल वायर परत व्होल्टच्या भोकात घालायची विसरले आणि तशीच बॅटरीच्या दोन्ही टोकांना टेकवली. फट्!

सगळं बंद, दारं बंद, मेन स्विचही बंद, आणि तरी मीटरवर 0.85 अँपिअर. दिसायला क्षुल्लक, पण 24 ने गुणा: दिवसाला 20 अँपिअर-अवर. माझी बॅटरी 100 ची. पाच दिवसांचं कोडं तिथेच सुटलं. तुम्हीही हा गुणाकार करा. तुमची बॅटरी जितक्या दिवसांत उतरते त्याच्याशी उत्तर जुळलं तर चोर एवढाच. जुळलं नाही तर आणखी काहीतरी आहे.

मग एकेक फ्यूज काढून आकडा कधी पडतो ते पाहायचं. पण फ्यूजबॉक्समधले सगळे फ्यूज काढले तरी माझा आकडा हलेना. मी बॅटरीच्या कप्प्यात टॉर्च घेऊन अक्षरशः आडवी झाले, तेव्हा दिसलं की पॉझिटिव्ह टर्मिनलवर एक नव्हे, चार लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) आहेत. मेन स्विचला जाणारी फक्त एक. बाकी तीन स्विचला वळसा घालून थेट आलेल्या. इन्व्हर्टर: काहीही लावलेलं नसताना नुसता जागा राहून 0.6. गॅस गळतीचा अलार्म: 0.09. आणि सामानाच्या कप्प्यातला, आधीच्या मालकाने कुठूनतरी ओढलेला दिवा: 0.16. दार लावल्यावर दिवा विझतो का, हे बाहेरून कसं कळणार? फोनवर व्हिडिओ सुरू करून फोन आत ठेवला आणि दार लावलं. दिवा मजेत चालू होता, दाराचा स्विच अडकलेला.

तुमच्याकडे वेगळी मंडळी निघतील: स्टिरिओ, टीव्ही अँटेनाचा बूस्टर, यूएसबी सॉकेट. गॅसवर आणि विजेवरही चालणारा फ्रिज चुकून 12 व्होल्टवर राहिला असेल तर दहा अँपिअर सहज खातो. तो तर चोर नाही, दरोडेखोर!

कुठेच काही गळत नसेल तर बॅटरी मुळात भरतेय का ते पाहा. इंजिन चालू असताना या आतल्या बॅटरीच्या टोकांवर 13.8 ते 14.4 च्या आसपास यायला हवेत. इंजिनच्या बॅटरीवर एवढे आहेत आणि आतल्या बॅटरीवर 12.5 च, तर मधला रिले (दोन्ही बॅटऱ्या जोडणारा आपोआप चालणारा स्विच), फ्यूज किंवा अर्थिंग तपासा. चार्जिंग चालू असताना मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं चासीच्या उघड्या धातूला लावा. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थिंगचा बोल्ट सोडून घासून परत घट्ट करा. नवीन गाड्यांचा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा) मधूनमधून व्होल्टेज मुद्दाम उतरवतो. तिथे साध्या रिलेऐवजी डीसी-टू-डीसी चार्जर (बॅटरीला हवा तेवढा व्होल्टेज स्वतः बनवून देणारा) लागतो. अर्ध्या तासाच्या चकरांनी तर कुठलीच मोठी बॅटरी भरत नाही. लिथियमवाल्यांनी वरचे व्होल्टचे आकडे वापरू नयेत, ती बॅटरी जवळजवळ रिकामी होईपर्यंत 13 च्या आसपास दाखवते.

मी इन्व्हर्टरची केबल फ्यूजसकट मेन स्विचच्या पलीकडे नेली. तो स्विच इन्व्हर्टरचा पूर्ण करंट झेपणारा आहे ना, ते आधी पाहिलं. कप्प्यातला दिवा काढून टाकला. गॅसचा अलार्म थेटच ठेवलाय, तो बंद करायचा नाही. त्याचे दिवसाला दोन अँपिअर-अवर जातात. त्यामुळे पंधरा दिवसांहून जास्त गाडी उभी राहणार असेल तर सिलिंडर बंद करून निगेटिव्ह केबलच काढून ठेवते. मागच्या खेपेला चौदा दिवसांनी मोजलं, 12.4 होते.