प्रथम वर्षासाठी विद्यार्थी सोबती : निवड, प्रशिक्षण आणि मर्यादा

महाविद्यालयात नव्याने आलेला विद्यार्थी आपली अडचण सहसा आधी वसतिगृहातल्या खोलीतील मुलाला, एसटीत शेजारी बसणाऱ्या मुलीला किंवा गावाकडच्या एखाद्या पुढच्या वर्षातील ओळखीच्या विद्यार्थ्याला सांगतो. प्राध्यापक आणि समुपदेशक यांचा क्रम फार नंतर येतो. ज्याला असे ओळखीचे कोणीच नसते, त्याची अडचण बहुधा कोणाच्या कानावर जात नाही. म्हणूनच अनेक संस्था दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना ‘मेंटॉर’ किंवा ‘विद्यार्थी सोबती’ म्हणून नेमतात. नेमणूक सोपी असते, प्रशिक्षण मात्र बऱ्याच ठिकाणी एका व्याख्यानावर आणि चहापानावर आटोपते. हे मार्गदर्शन असा उपक्रम चालवणाऱ्या विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांसाठी, राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांसाठी आणि वर्गशिक्षकांसाठी आहे. त्यातील प्रत्येक सूचना एका कसोटीवर तपासलेली आहे : मदत मिळवण्यासाठी कोणत्याही विद्यार्थ्याला आपली जात, घरचे उत्पन्न, आजार, दिव्यांगत्व किंवा लिंगभाव चारचौघांत सांगावा लागू नये.

सोबती कोणाला करावे

वर्गप्रतिनिधी, गुणवत्ता यादीतील पहिले पाच आणि स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन करणारे हीच मंडळी सोबती म्हणून पुढे आली, तर उपक्रम सुरू होण्याआधीच त्याची पोहोच संपते. अर्जासाठी गुणांची अट ठेवू नये. एखाद-दुसरी केटी (अनुत्तीर्ण राहिलेला विषय) लागून ती सोडवलेला विद्यार्थी, पदविका करून थेट दुसऱ्या वर्षात आलेला विद्यार्थी, रोज दीड-दोन तास प्रवास करणारी विद्यार्थिनी, मराठी माध्यमातून येऊन इंग्रजी पाठ्यपुस्तकांशी झगडलेला विद्यार्थी यांना नेमके काय अडते ते अनुभवाने ठाऊक असते. निवडीसाठी मुलाखतीत एखादा प्रसंग समोर ठेवावा : ‘तुमच्या गटातील एक मुलगा दहा दिवस वर्गात आला नाही, तुम्ही काय कराल?’ जो लगेच उपाय सांगू लागतो त्याच्यापेक्षा जो आधी काही प्रश्न विचारतो, तो बहुधा चांगला सोबती होतो.

मानधनाचा मुद्दा येथेच निकालात काढावा. काम पूर्णपणे ऐच्छिक आणि विनामोबदला ठेवले, तर सायंकाळी दुकानात किंवा शिकवणीत काम करणारा विद्यार्थी त्यातून आपोआप गळतो आणि सोबत्यांच्या यादीत फक्त खाऊन-पिऊन सुखी घरांतील मुले उरतात. विद्यापीठाची ‘कमवा आणि शिका’ योजना उपलब्ध असेल, तर या कामाचे तास तिच्यात धरता येतात का, हे आधी पाहावे; ते शक्य नसल्यास श्रेयांक किंवा निदान प्रवासखर्च द्यावा. एका सोबत्याकडे आठ ते दहा विद्यार्थी पुरेत.

गट पाडताना एक मोह टाळावा लागतो. दिव्यांग विद्यार्थ्याला दिव्यांग सोबती, आदिवासी विद्यार्थ्याला आदिवासी सोबती अशी वाटणी कागदावर संवेदनशील दिसते, परंतु तिच्यामुळे ज्याला आपली ओळख सांगायची नव्हती त्याची ओळख यादी लागताच उघड होते. गट चिठ्ठ्या टाकून पाडावेत. मात्र ज्याला सोबती बदलून हवा असेल, त्याला कारण न विचारता तो बदलून मिळावा.

प्रशिक्षण केव्हा आणि किती

केंद्रीभूत प्रवेशाच्या फेऱ्या लांबतात आणि त्यानंतर संस्थास्तरावरील फेरी होते, त्यामुळे प्रथम वर्षाचे विद्यार्थी एकाच दिवशी न येता टप्प्याटप्प्याने येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ‘दीक्षारंभ’ या मार्गदर्शनानुसार होणारे स्वागत सत्र शेवटच्या फेरीतील विद्यार्थ्यांच्या वाट्याला सहसा येतच नाही, आणि सर्वाधिक गोंधळलेले तेच असतात. सोबत्यांचे प्रशिक्षण पहिल्या फेरीपूर्वी पूर्ण झालेले असावे आणि त्यांची जबाबदारी शेवटचा प्रवेश होईपर्यंत चालू राहावी. अर्ध्या दिवसाची तीन सत्रे, प्रत्येक सत्रात वीस-पंचवीस जण आणि दोन सत्रांमध्ये काही दिवसांचे अंतर, एवढी आखणी पुरते. व्याख्यान कमीत कमी ठेवून प्रसंग घेऊन प्रत्यक्ष बोलण्याचा सराव करून घ्यावा.

न विचारायचे प्रश्न

पहिले सत्र संपूर्णपणे बोलण्याच्या पद्धतीसाठी द्यावे. ‘सीईटीला स्कोअर किती?’, ‘कोणत्या कॅटेगरीतून आलास?’, ‘पूर्ण नाव काय?’ हे प्रश्न विचारणाऱ्याला निरुपद्रवी वाटतात. महाराष्ट्रात आडनावावरून जातीचा अंदाज बांधण्याची सवय एवढी मुरलेली आहे की ओळखपरेडीतला ‘पूर्ण नाव सांगा’ हा आग्रहसुद्धा एखाद्याला घाम फोडतो. परिचय पहिल्या नावाने किंवा ज्या नावाने हाक मारलेली आवडते त्या नावाने करून द्यावा. यामुळे नोंदींतील नावापेक्षा वेगळे नाव वापरणाऱ्या ट्रान्सजेंडर विद्यार्थ्यालाही वेगळा खुलासा करावा लागत नाही.

या शिस्तीमागे नियमही आहेत, हे सोबत्यांना सांगावे. रॅगिंगविषयीचे विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम 2009 चे आहेत. 2016 च्या दुरुस्तीनंतर जात, धर्म, वर्ण, लिंग, लैंगिक कल, दिसणे, प्रादेशिक किंवा भाषिक ओळख आणि आर्थिक पार्श्वभूमी यांवरून केलेला छळ, दादागिरी किंवा वगळणे हेसुद्धा रॅगिंगमध्ये मोडते. अहिराणी किंवा वऱ्हाडी वळणाने बोलणाऱ्या मुलाची वर्गात नक्कल करणे ‘गंमत’ म्हणून सोडून द्यायचे नसते, हे या दुरुस्तीच्या आधारे नीट समजावता येते. तक्रारीसाठी 1800-180-5522 हा राष्ट्रीय क्रमांक प्रत्येक सोबत्याच्या फोनमध्ये असावा.

माहिती सर्वांना, एकाच वेळी

शिष्यवृत्तीची सूचना घेऊन शिपाई वर्गात येतो, चार-पाच नावे वाचतो आणि ‘यांनी कार्यालयात या’ असे सांगून जातो. त्या अर्ध्या मिनिटात वर्गातील प्रत्येकाला कोण कोणत्या प्रवर्गातले आहे ते कळते. सोबत्यांच्या प्रशिक्षणातील सर्वांत उपयुक्त भाग या पद्धतीला पर्याय उभा करण्याचा आहे. महाडीबीटी या राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज कसा भरायचा, बँक खाते आधारशी संलग्न आहे की नाही ते कसे तपासायचे, उत्पन्नाचा दाखला कोठे मिळतो, जात पडताळणी प्रमाणपत्र प्रलंबित असल्यास कोणती पावती जपून ठेवायची, ही माहिती संपूर्ण गटाला द्यावी. ज्याला लागेल तो वापरेल. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची स्वाधार योजना, अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांसाठीची स्वयं योजना, आणि 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांतील मुलींना आठ लाख रुपयांपर्यंतच्या कौटुंबिक उत्पन्नाच्या अटीवर मिळणारी शुल्कमाफी, यांची एकत्रित एक पानाची पत्रिका सर्वांच्या हाती पडावी. पात्रतेचे निकष आणि मुदती बदलतात, म्हणून सोबत्याने तोंडी ग्वाही न देता विद्यार्थ्याबरोबर कार्यालयाच्या खिडकीपर्यंत जावे. सरावासाठी प्रत्येक सोबत्याला महाडीबीटीवरील अर्ज एकदा स्वतः पाहायला लावावा. पोर्टल कोठे अडते हे त्याशिवाय कळत नाही.

दिव्यांगत्व : दिसणारे आणि न दिसणारे

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत आणि त्यांपैकी बरेच डोळ्यांना दिसत नाहीत. विशिष्ट अध्ययन अक्षमता, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल आजार ही त्यांतील काही उदाहरणे. विदर्भातील आणि नंदुरबार-गडचिरोलीसारख्या आदिवासी पट्ट्यांतील विद्यार्थी ज्या महाविद्यालयांत येतात, तेथे सोबत्यांना सिकलसेलविषयी मुद्दाम माहिती द्यावी. या आजारात तीव्र वेदनांचे झटके येतात, शरीरातील पाणी कमी होणे आणि थंडी यांमुळे ते बळावू शकतात, आणि अशा झटक्यानंतर आठवडाभर वर्ग बुडवणाऱ्या मुलावर ‘आळशी’ असा शिक्का पटकन बसतो. त्याच्या वह्या वेळेवर पूर्ण करून देणे आणि वसतिगृहात पिण्याचे पाणी मजल्यावर मिळेल असे पाहणे, ही सोबत्याच्या आवाक्यातील कामे आहेत. आजाराचे नाव त्या विद्यार्थ्याने सांगायची गरज नाही, आणि ते कळले तरी इतरांना सांगण्याचा अधिकार सोबत्याला नाही.

दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या बाबतीत बहुतेकांना रस्ता ओलांडणे तेवढे आठवते. खरी अडचण नोट्सची असते. फळ्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकला, तर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला त्यातून फारसे काही मिळत नाही. श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली मराठी टिपणेही त्याला अर्थहीन अक्षरांच्या ढिगासारखी वाटतात. म्हणून गटासाठीचे प्रत्येक टिपण युनिकोडमध्ये टंकलेले असावे, आणि चित्र पाठवावेच लागले तर त्याखाली दोन ओळींत वर्णन द्यावे. चालताना त्या विद्यार्थ्याचा हात आपण पकडू नये. त्याला विचारून त्याला आपल्या कोपराचा आधार घेऊ द्यावा. श्रवणदोष असलेल्या विद्यार्थ्याशी बोलताना चेहरा त्याच्याकडे ठेवावा, दुभाष्याकडे पाहून बोलू नये. परीक्षेत लेखनिकाची आणि दर तासाला किमान 20 मिनिटे जादा वेळेची सवलत पात्र विद्यार्थ्यांना मिळते, पण त्यासाठीचा अर्ज वेळेत करावा लागतो. सत्राच्या सुरुवातीलाच ही आठवण संपूर्ण गटाला करून द्यावी.

कोठे थांबायचे

सोबती हा समुपदेशक नाही, वकील नाही आणि पंचही नाही. तिसऱ्या सत्रात हे तिन्ही मुद्दे प्रसंगांसह घ्यावेत. लैंगिक छळाची गोष्ट कानावर आली, तर सोबत्याने चौकशी करू नये, दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवू नये आणि ‘समजुतीने मिटवा’ असे तर चुकूनही म्हणू नये. अशा तक्रारींसाठीची संस्थेची अंतर्गत समिती कोणती, तक्रार सामान्यतः घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते आणि सबळ कारण असल्यास समिती ही मुदत आणखी तीन महिन्यांपर्यंत वाढवू शकते, एवढे सांगावे. तक्रार करायची की नाही, हा निर्णय त्या विद्यार्थ्याचाच.

ऐकलेले गुप्त राहील, हे वचन पहिल्याच भेटीत देताना त्याचा अपवादही सांगून ठेवावा : जिवाला धोका असेल, तर ही गोष्ट जबाबदार व्यक्तीला सांगितली जाईल. कोणी निरवानिरवीची भाषा बोलू लागले, तर ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे थेट आणि शांतपणे विचारावे. तसे विचारल्याने तो विचार मनात रुजतो, हा समज चुकीचा आहे. त्या व्यक्तीला एकटे सोडू नये, समुपदेशकाला किंवा वसतिगृहाच्या अधीक्षकांना बोलवावे, आणि टेली-मानस या शासकीय मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर फोन लावावा. ही सेवा विनामूल्य आणि चोवीस तास असून मराठीतही मिळते. हे संभाषण प्रत्येक सोबत्याकडून जोडीने मोठ्याने म्हणवून घ्यावे, कारण पहिल्यांदा हे शब्द तोंडातून निघतच नाहीत.

सत्रभर चालवताना

दर पंधरा दिवसांनी सोबत्यांची तासाभराची बैठक व्हावी, आणि ती अशा शिक्षकाने घ्यावी ज्याच्या हाती त्यांचे अंतर्गत गुण नाहीत. नाहीतर कोणीही खरे बोलत नाही. प्रसंग सांगताना नावे वगळावीत. सोबत्यांनी विद्यार्थ्यांच्या वैयक्तिक माहितीची यादी किंवा तक्ता ठेवू नये. भेटींची संख्या आणि अडचणीचा प्रकार एवढीच नोंद पुरेशी आहे. रात्री दहानंतर आलेल्या संदेशाला उत्तर देण्याची सक्ती नसावी, मात्र तातडीच्या प्रसंगी कोणाला फोन करायचा ते प्रत्येकाला माहीत असावे. ज्या सोबत्याला हे काम झेपेनासे होईल, त्याला प्रमाणपत्र न गमावता थांबता यावे.

मूल्यमापनात भेटींची बेरीज करून समाधान मानण्याची पद्धत निरुपयोगी आहे. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक समितीसमोर ठेवायला ती बरी दिसते, इतकेच. दिवाळीच्या आसपास निनावी प्रश्नावलीतून तीन गोष्टी विचाराव्यात : कोणती मदत मिळाली नाही, कोणती फार उशिरा मिळाली, आणि मदत मागताना काय सांगावे लागले जे सांगायचे नव्हते. शेवटच्या फेरीत आलेल्या विद्यार्थ्यांची उत्तरे वेगळी काढून वाचावीत.

मार्चमध्ये परीक्षांचा हंगाम सुरू होण्यापूर्वी जाणाऱ्या सोबत्यांनी पुढच्या तुकडीसाठी चार-पाच पानांचे टिपण लिहून ठेवावे : कार्यालयाची कोणती सूचना कोणालाच कळली नाही, कोणत्या खिडकीवर किती वेळ लागतो, कोणत्या इमारतीतील उद्वाहक बंद असतो, कोणत्या विषयात मराठी माध्यमातील मुले पहिल्या महिन्यात मागे पडतात. त्यात कोणाचेही नाव नसावे, आणि नव्या तुकडीच्या पहिल्या सत्राची सुरुवात तेच टिपण वाचून करावी.