माशी जेवणावर बसली तर? आणि बसूच नये म्हणून काय करायचं

जून लागला, आंब्याच्या साली कचऱ्यात पडायला लागल्या की माशा येतातच. आपण हात हलवून हुसकावतो आणि जेवायला लागतो. पण ती बसून नेमकं काय करून जाते ते कळलं की पुढचं काय करायचं ते फारसं सांगावं लागत नाही म्हणून आधी तेच सांगते, जेवताना वाचू नका मात्र.

घरमाशीला चावता येत नाही. तिला सोंड असते आणि सोंडेच्या टोकाला स्पंज असतो. दूध, आमरस असं पातळ काही असेल तर सरळ ओढून घेते पण साखर किंवा गुळाचा खडा असेल तर आधी त्यावर लाळ सोडते, पोटातलंही थोडं वर काढून टाकते, ते विरघळलं की मग शोषते. ओट्यावर सांडलेल्या साखरेवर बसलेली माशी जवळून बघा एकदा, सोंड खाली, वर, परत खाली, हेच चालू असतं. आता पोटातलं म्हणजे काय तर ती आधी जिथे जेवून आली ते, म्हणजे शेण, उघडं गटार, कुत्र्याची घाण, कचराकुंडीतलं कोणाचं तरी डायपर. शिवाय ती सारखी शी करते, बसेल तिथे. ट्यूबलाइटच्या वायरीवर बारीक ठिपके दिसतात ना ते हेच, काळपट ती शी आणि फिकट ती उलटी.

पायांना केस आणि चिकट गाद्या असतात त्यामुळे पायांनी घाण येतेच, पण अंगावरच्या जंतूंपेक्षा तिच्या पोटातले जंतू जास्त टिकतात. साल्मोनेला, इ. कोलाय, कॉलऱ्याचे जंतू, आणि आव होते ते शिगेला. शिगेलाचे अगदी थोडे जंतू पोटात गेले तरी पुरतं. इस्रायलच्या लष्करी तळांवर माशांचे सापळे लावून बघितले होते, 1991 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय, माशा 64 टक्के कमी झाल्या आणि शिगेलाचे पेशंट 85 टक्के कमी झाले. त्यामुळे माशीने काय होतंय असं म्हणणाऱ्या काकांना हे सांगा.

आता माशी बसलीच तर टाकून द्यायचं का? माझं मत असं की कोरड्या भाकरीवर, चिवड्यावर क्षणभर बसून उडाली तर घरातल्या धडधाकट माणसाने फार मनावर घेऊ नये. वरण, आमटी, दूध नुकतंच केलेलं असेल तर परत खळखळून उकळा. पण भात, खीर, चिरलेली फळं, चटणी, कोशिंबीर असं काही तासभर उघडं राहिलंय आणि माशा येऊन जाऊन होत्या तर सरळ टाका, कारण पावसाळ्याच्या दमट गरम हवेत जंतू भराभर वाढतात आणि काही जंतूंचं विष असं असतं की ते नंतर गरम करूनही जात नाही. बाळाचं खाणं, आजारी माणसाचं, म्हाताऱ्यांचं, तिथे रिस्क नकोच.

बसू नये म्हणून झाकण हा पहिला उपाय आणि तोच सगळ्यात स्वस्त. जाळीची झाकणी पसरट घ्या, कडा ओट्याला नीट टेकली पाहिजे. मलमलचं फडकं टाकत असाल तर ते पदार्थाला चिकटता कामा नये, नाहीतर माशी वरून बसून फडक्यातूनच काम करते. जेवताना फॅन लावा, वाऱ्यात माशीला बसायला जमत नाही. गणपतीत पंक्ती असतील तर वाढायची भांडी झाकून ठेवा आणि एक टेबलफॅन तिकडे वळवा, एवढ्यानेही फरक पडतो.

पण खरं काम डस्टबिनमध्ये आहे. माशी एका वेळी शंभरेक अंडी घालते, एका दिवसात अळ्या बाहेर येतात, आणि उकाड्यात आठ-दहा दिवसांत नवीन माशा तयार. म्हणजे ओला कचरा रोज बाहेर गेला आणि डबा आठवड्यातून दोनदा साबणाने घासून उन्हात वाळवला तर ही साखळी तुटते, अळ्यांना मोठं व्हायला वेळच मिळत नाही. बऱ्याच घरी पिशवी बदलतात पण डब्याच्या तळाशी साठलेलं काळं पाणी तसंच असतं, ते ओता आधी. घरी कंपोस्ट करत असाल तर ओल्या कचऱ्यावर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा सुका पाला जाड पसरा, आंब्याची साल वर दिसली नाही पाहिजे. आणि माशा एक-दोन किलोमीटरवरूनही येतात म्हणून जवळ गोठा, पोल्ट्री किंवा उघडी कचराकुंडी असेल तर एकट्याने घर घासून पुरणार नाही, सोसायटीत विषय काढा आणि खिडक्यांना जाळ्या मारा.

केळ्यांवर घोंघावतात ती चिलटं, ती वेगळी, त्यांच्यामागे लागून दमू नका.

स्प्रे स्वयंपाकघरात मारू नका, मारलाच तर अन्न, भांडी सगळं बाहेर काढून, आणि नंतर ओटा धुवून. ते निळ्या लाइटचं मशीन किंवा इलेक्ट्रिक रॅकेट ओट्यावर, जेवणाच्या टेबलावर अजिबात नको, माशी तडतडून फुटते तेव्हा तिचे बारीक तुकडे आणि जंतू आजूबाजूला उडतात. मशीन लावायचंच असेल तर अन्नापासून लांब, दाराच्या बाजूला. चिकट कागद त्यापेक्षा बरा, दिसायला घाण दिसतो पण काही उडत नाही, फक्त तो ताटाच्या वर टांगू नका.