सायफाय आरपीजीतलं चिलखत आणि गोळी: या चुका टाळा

आरपीजीत, म्हणजे पात्रांच्या भूमिका घेऊन फाशांवर खेळायच्या खेळात, बहुतेक गडबड एका वजाबाकीतून होते. बुलेटप्रूफ जाकिटाला १० गुण द्यायचे, गोळीच्या फाशांतून ते वजा करायचे, उरेल ती जखम. पिस्तुलाला ३ फासे दिले असतील, तर निम्म्या वेळा ११ किंवा जास्त पडणार, म्हणजे दर दुसरी गोळी आरपार. खरं जाकीट असा जुगार खेळत नाही. अमेरिकेच्या एनआयजे (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिस) या संस्थेच्या ०१०१.०६ मानकातलं थ्री-ए दर्जाचं मऊ जाकीट सेकंदाला ४३६ मीटर वेगाने आलेली .४४ मॅग्नमची गोळी अडवतं. ९ मिमीची काय कथा! तेच जाकीट रायफलीपुढे निव्वळ कापड. ९ मिमीच्या गोळीत साधारण ५०० जूल, ७.६२ मिमी नाटो रायफलीच्या गोळीत ३,४०० च्या वर.

म्हणून भेदकता आणि जखम वेगळी काढा. भेदकतेला फासे नकोतच, ठरलेला आकडा द्या: पिस्तूल २, रायफल ४, चिलखतभेदी गोळी ५. मऊ जाकीट ३, सिरॅमिक प्लेट (जाकिटात घालायची कडक पाटी) ६. भेदकता कमी पडली तर गोळी अडली, बरोबरीत सुटली तर निम्मी जखम, जास्त असेल तर पूर्ण. सायफायमधली गॉस रायफल (विद्युतचुंबकांनी गोळी फेकणारी) ७ ला बसवली की प्लेटवाल्यालाही घाम फुटतो.

अडलेली गोळी म्हणजे शून्य इजा, ही पुढची चूक. त्याच मानकाच्या चाचणीत जाकिटामागच्या मातीत ४४ मिमी खोल खड्डा पडला तरी जाकीट पास होतं! बरगडी तडकू शकते. मऊ जाकिटावर अडलेल्या प्रत्येक गोळीला १ ते २ गुणांचा मुका मार ठेवा.

खेळाडू मरतच नसतील तर प्लेट कुठे बसते ते तपासा. ती साधारण २५ × ३० सेंमीची, छाती-पाठीपुरती. एक फासा टाका: १-२ प्लेट, ३ कूस (फक्त मऊ जाकीट), ४ हात, ५ पाय, ६ डोकं. अंगभर एकच आकडा हवा असेल, तर मोटर लावलेला सूट द्या आणि त्याची बॅटरीही मोजा.

सिरॅमिकची प्लेट गोळीचं टोक फोडताना स्वतःही तडकते; मागचा पॉलिथिलीनचा थर तुकडे झेलतो. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘भाभा कवच’मध्ये असंच बोरॉन कार्बाइडचं सिरॅमिक आहे. रायफलीच्या दर फटक्याला प्लेटचा १ गुण कमी करा, पिस्तुलाला नको. आणि सुऱ्यासाठी वेगळा आकडा ठेवा, गोळी अडवणारं कापड टोकदार पात्याला सहज वाट देतं.

गोळी लागून माणूस भिंतीवर आपटतो, हे तर काढूनच टाका. ७.६२ च्या गोळीने ९० किलोच्या माणसाला सेकंदाला जेमतेम ९ सेंमीचा वेग मिळतो. गॉस रायफलीची २ ग्रॅमची सुई सेकंदाला २,००० मीटर वेगाने गेली, तर ऊर्जा ४,००० जूल, पण धक्का ७.६२ च्या गोळीच्या निम्माच. निर्वात अंतराळात काडतूस बिनदिक्कत उडतं, दारूतच ऑक्सिजन असतो. फक्त बंदूक खांद्याला लावून झाडणारा स्वतःभोवती गरगरू लागतो. पुढच्या नेमाला त्याची वजावट धरा, किंवा त्याला आधी कुठेतरी पाय अडकवायला लावा.