सर्व्हरवरची लायब्ररी जुनी आहे म्हणून लगेच हात घालू नका

रत्नागिरीतच राहून वेब डेव्हलपमेंट करायचं ठरवलेल्या पोरापोरींसाठी लिहितोय. कोर्समध्ये फ्रेमवर्क शिकवतात, पण पहिल्या महिन्यात हातात काय येतं तर सात-आठ वर्षांपूर्वी कोणीतरी लावून दिलेला सर्व्हर, आणि तो लावणारा माणूस एव्हाना पुण्याला नाहीतर बेंगळुरूला गेलेला असतो.

माझ्याकडे आला तो पावसजवळच्या एका बागायतदार काकांचा. हापूसच्या पेट्यांच्या ऑनलाइन ऑर्डरी, खाली सेंटओएस 7 ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम, वर साइटची भाषा पीएचपी 5.6, ज्याचा सपोर्ट 31 डिसेंबर 2018लाच संपलेला. 2023चा मे महिना, काकांना ऑर्डरींसाठी नवीन डॅशबोर्ड हवा होता, मी तो घरी लॅपटॉपवर नोड 18 (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) मध्ये बनवला आणि सर्व्हरवर टाकला तर एरर, जीलिबसी 2.28 सापडत नाही. जीलिबसी, म्हणजेच लिबसी, ही लिनक्समधली मूळ लायब्ररी. सेंटओएस 7वर जीलिबसी 2.17 असते. मला वाटलं लायब्ररी जुनी आहे ना, नवीन टाकू, त्यात काय एवढं. सोर्स उतरवला, कंपाइल केला, आणि लिब64 फोल्डरमधली लिबसीची सिमलिंक, म्हणजे खऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी लिंक, नव्या फाइलकडे वळवली.

मग फाइलींची यादी दाखवणारी एलएस कमांड मारली. सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे प्रोग्राम जागीच कोसळला. कॉपीची सीपी, तेच. फाइल हलवायची एमव्ही, तेच. लिबसीवर जवळजवळ प्रत्येक कमांड उभी असते आणि तिचा लोडर (प्रोग्राम मेमरीत चढवणारा) त्याच व्हर्जनचा लागतो, मी घराचा मधला खांब काढून दुसऱ्या मापाचा घुसवला होता. चालत होतं फक्त इको, कारण ते शेलच्या आतलं आहे. गंमत म्हणजे साइट मस्त चालू होती, ऑर्डरी येत होत्या, कारण अपाचे या वेब सर्व्हरने जुनी लिबसी आधीच मेमरीत धरून ठेवलेली.

पुण्याच्या एका सीनियर दादाला फोन लावला. तो पहिलं वाक्य बोलला, "ती टर्मिनलची विंडो बंद करू नकोस, नवीन लॉगिन आता होणार नाही." मग म्हणाला एसएलएन वापर, तो लिंक बनवणारा छोटा प्रोग्राम आहे, तो लिबसीवर अवलंबून नसतो, अशाच वेळेसाठी ठेवलेला असतो. मी टाइप करायला घेतलं आणि बाहेर वळवाचा पाऊस, ढगांचा गडगडाट, लाइट गेली. राउटर बंद, सेशन खलास. पंख्याला इन्व्हर्टर होता हो आमच्याकडे, राउटरला नव्हता.

शेवटी मोबाइलच्या नेटवरून होस्टिंगच्या पॅनेलमध्ये जाऊन सर्व्हर रेस्क्यू मोडला टाकला, म्हणजे बाहेरच्या छोट्या सिस्टिमवरून चालू केला, डिस्क माउंट केली, लिंक परत 2.17कडे वळवली. पाऊण तास साइट बंद. काकांना सांगितलं "मेंटेनन्स आहे", ते म्हणाले "सीझनात कसला रे मेंटेनन्स?" बरोबरच होतं त्यांचं.

त्या दिवशी नोड 16 टाकला असता किंवा डॅशबोर्ड कंटेनरमध्ये, म्हणजे स्वतःच्या लायब्ररींसकट वेगळ्या डब्यात, चालवला असता तरी काम झालं असतं. हे नंतर कळलं. तेव्हापासून जुनी लायब्ररी दिसली की नवीन व्हर्जन कुठलं हे मी शेवटी बघतो, आधी बघतो तिच्यावर कोण कोण उभं आहे. ऑपरेटिंग सिस्टिमची लायब्ररी असेल तर ती फक्त सिस्टिमच्या पॅकेज मॅनेजरने, म्हणजे यमने किंवा एपीटीने, हाताने कधीच नाही. प्रोजेक्टची असेल तर पीएचपीच्या कंपोजरला किंवा नोडच्या एनपीएमला विचारायचं की ही कोणी मागितली, आणि लॉक फाइल (लायब्ररींची नेमकी व्हर्जन लिहिलेली) गिटमध्ये आहे ना ते बघायचं. नसेल तर आधी ती टाका, बाकी सगळं नंतर.

अजून एक, सिक्युरिटी स्कॅनचा रिपोर्ट आला की घाबरू नका. सेंटओएस 7वर एन्क्रिप्शनची लायब्ररी ओपनएसएसएल 1.0.2के दिसतं, मूळ प्रोजेक्टने 1.0.2 हे 2019 अखेर सोडून दिलं, त्यामुळे स्कॅनर लाल शाई ओततो. पण सेंटओएस 7 ज्यावरून बनलं ते रेड हॅट नव्या व्हर्जनमधल्या दुरुस्त्या मागे आणून त्याच नंबरात घालतं आणि सेंटओएस 7ला त्या जून 2024पर्यंत मिळत होत्या. आरपीएम पॅकेजचा चेंजलॉग (बदलांची यादी) काढा आणि त्यात रिपोर्टमधला सीव्हीई नंबर, म्हणजे त्या त्रुटीचा ओळख क्रमांक, शोधा, अर्ध्या ओळी तिथेच खोडल्या जातात. उलट बाजूही आहे, यम अपडेट केलं आणि सर्व्हिस रिस्टार्ट केली नाही तर ती जुनीच लायब्ररी धरून बसते, माझी साइट ज्या कारणाने चालू राहिली तेच कारण इथे गळ्यात येतं.

खरं अपग्रेड आम्ही पावसाळ्यात केलं, आंबा संपलेला, काकाही निवांत. जुन्या सर्व्हरला हातच लावला नाही. बाजूला नवीन घेतला, आल्मालिनक्स 9 आणि पीएचपी 8.1, कोड तिथे नेला, माझ्या लॅपटॉपच्या होस्ट फाइलमध्ये नवा आयपी घालून आठवडाभर बघत बसलो, मग डीएनएसचा टीटीएल (जुना पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा ती मुदत) कमी करून एका रात्री वळवलं. जुनी मायएसक्यूएल फंक्शन्स पीएचपी 7 पासून काढून टाकलेली आहेत, ती सगळी पीडीओ या डेटाबेसशी बोलायच्या नव्या पद्धतीवर आणावी लागली, कंटाळवाणं काम पण सोपं, कारण ती ओरडून मरतात. त्रास देतात ती न ओरडणारी.

पुढच्या पाडव्याला सीझन सुरू झाला आणि काकांचा फोन. "अरे, मुंबईची एक ऑर्डर आलीय, शून्य पेटी. रिकामा खोका पाठवू का?" फॉर्ममध्ये पेट्यांचा आकडा रिकामा सोडला की कोड त्याचं शून्य करायचा आणि मग ते रिकाम्या स्ट्रिंगबरोबर ताडून एरर द्यायचा. जुन्या पीएचपीत शून्य आणि रिकामी स्ट्रिंग सारखी धरायचे, 8 पासून नाही धरत. एरर नाही, लॉगमध्ये काही नाही, ऑर्डर सरळ आत. एक ओळ बदलली, "एकपेक्षा कमी असेल तर थांबव". त्या मुंबईकरांना काकांनीच फोन केला, त्यांना दोन पेट्या हव्या होत्या.