बुधवारच्या बाजारातून घरची भाजी

नाशिकच्या शिवारात भाजी उदंड, तरी आपल्या पिशवीत ती शिळी येते. मार्केट यार्डात कोथिंबीर, मेथी शेकड्याच्या भावाने लिलावात जाते आणि चांगला माल गाडीत भरून मुंबईची वाट धरतो. उरलेला दोन-तीन हात फिरून आपल्या गल्लीत येतो. प्रत्येक हाताची मजुरी, नासाडी आपल्याच भावात धरलेली असते.

म्हणून मी बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या बाजारात जाते. आधी एक फेरी नुसती मारा, भाव विचारा. मोजकाच, एक-दोन जातींचा माल घेऊन बसलेली बाई दिसली की “मावशी, कुठल्या गावची?” म्हणा. गाव, तोडणीची वेळ पटापट सांगितली तर माल बहुधा घरचाच. मेथीच्या जुडीचा बंध सैल करून आत बोट घाला. मध्ये गरम किंवा ओलसर लागलं तर ती जुडी ठेवून द्या. वरून हिरवीगार दिसली तरी उद्या पिवळी पडते.

नागली, म्हणजे नाचणी, मात्र वर्षाची भरते. पेठ, सुरगाणा तालुक्यांकडची. 100 ग्रॅममध्ये साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम, आणि डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर येते. पिकवणाऱ्याला त्याचं मोल मिळावं असं मला मनापासून वाटतं, त्यामुळे तिथे मी घासाघीस करत नाही. घरी आणून पाखडा, रोळून खडे काढा, सावलीत वाळवा, मगच दळा. पीठ महिन्यापुरतंच.

एकटीला जमत नसेल तर शेजारच्या दोघी-तिघींनी मिळून पोतं घ्या.