प्रॅक्टिस सुरू करताना काम कुणाकडे मागायचं?

सीएला काम मागता येत नाही, हे आपण परीक्षेसाठी पाठ करतो. १९४९ च्या चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातला क्लॉज सहा पत्रक, जाहिरात, भेटीगाठी अशा कुठल्याही मार्गाने काम मागायला मनाई करतो. पण त्याच क्लॉजला जोडलेली सवलत बरेच जण वाचून विसरतात. दुसऱ्या प्रॅक्टिस करणाऱ्या सीएकडे काम मागायला पूर्ण मुभा आहे. पुण्यात नव्याने ऑफिस थाटणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी, असं मी ठामपणे सांगते.

माझं सुरुवातीचं बहुतेक काम अशाच ओळखींतून आलं. जिथे आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्याआधीची उमेदवारी केली ते सर, त्यांच्या फर्ममधले आमच्या आधीचे सीनियर, आणि बिबवेवाडीच्या आयसीएआय (सीएंची संस्था) भवनात सेमिनारला नेहमी भेटणारी मंडळी. मार्चअखेरीला बँकांच्या शाखांचं ऑडिट वाटून येतं आणि एप्रिलच्या सुरुवातीच्या थोड्या दिवसांत ते उरकायचं असतं. तेव्हा प्रत्येक मध्यम फर्मला माणूस कमी पडतो. सप्टेंबरात टॅक्स ऑडिटची तीच गत. फेब्रुवारीतच सरांना किंवा ताईंना फोन करून सांगावं, ‘मी मोकळी आहे, एखादी शाखा माझ्यावर सोपवा.’ यात संकोच करण्यासारखं काहीच नाही. कामाची फी किती आणि वर्किंग पेपर्स, म्हणजे ऑडिट करताना काढलेली टिपणं आणि पुरावे, कुणाकडे राहणार, एवढं मात्र आधी बोलून घ्यावं.

इथे एक गोष्ट जिवापाड जपायची. सीनियरचा क्लायंट हा सीनियरचाच. भोसरीच्या औद्योगिक भागातल्या एखाद्या वर्कशॉपचा मालक तुमचं काम बघून खूश होतो आणि म्हणतो, ‘मॅडम, पुढच्या वर्षी डायरेक्ट तुम्हीच करा ना, फीपण थोडी कमी पडेल.’ त्याला तिथल्या तिथे नम्रपणे नाही म्हणावं आणि संध्याकाळी सरांच्या कानावरही घालावं. मी हे करत आले. त्यामुळे पुढे सरांनी वयोमानाने काम कमी केलं, तेव्हा कितीतरी क्लायंटना त्यांनी स्वतः माझ्याकडे बसवून दिलं. पुण्यात सीएंची संख्या मोठी असली तरी जग लहान आहे. कोण विश्वासाचा आहे, हे पेठेतून औंधपर्यंत लवकर पोचतं.

असंच क्लॉज आठचं. दुसऱ्या सीएकडचं ऑडिट तुमच्याकडे आलं, तर स्वीकारण्याआधी त्यांना लेखी कळवावं लागतं. अनेक नवे जण हे पत्र नुसता उपचार म्हणून टाकतात. मी पत्राआधी फोन करते, ‘सर, अमुक कंपनी माझ्याकडे आली आहे, तुमचं काही म्हणणं आहे का? फी राहिली आहे का?’ बहुतेक वेळा मोकळेपणाने माहिती मिळते, कधी कधी त्या कंपनीपासून सावध राहायचा इशाराही मिळतो. आणि ज्यांचं काम आपल्याकडे आलं, त्यांच्याशीच नवी ओळख होते. अशा ओळखीतून मला नंतर कामं आली आहेत. फोन झाला तरी पत्र पाठवायचंच, आणि पोच जपून ठेवायची.

सीएंच्या बाहेरचं वर्तुळ हळूहळू वाढतं. यात सगळ्यात महत्त्वाचा माणूस म्हणजे चार-पाच ठिकाणी टॅलीवर हिशेब सांभाळणारा पार्टटाइम अकाउंटंट. मालकाला ‘सीए कोण घेऊ?’ असा प्रश्न पडला की तो आधी त्यालाच विचारतो. त्याचा फोन वीस तारखेला, म्हणजे जीएसटीआर-३बी हे जीएसटीचं मासिक रिटर्न भरण्याच्या शेवटच्या दिवशी आला तरी उचलावा, त्याची शंका नीट सोडवावी, मालकासमोर त्याची चूक काढू नये. तो कमिशन मागेल. ते देता येत नाही; आपल्या फीतला वाटा आयसीएआयचा सदस्य नसलेल्याला देणं हे कायद्याने गैरवर्तन आहे. हे त्याला स्पष्ट पण आदराने सांगावं. माझा अनुभव असा की नव्या तरतुदी शिकवणारा माणूस त्याला कमिशनपेक्षा जास्त दिवस हवा असतो.

बँकेतले कर्ज विभागाचे अधिकारी, कंपनी सेक्रेटरी, वकील यांच्याशीही नातं जुळतं, पण त्याला वर्षं लागतात. वेळेवर दिलेला आणि आकडे जुळणारा प्रोजेक्ट रिपोर्ट, एवढंच तिथे चालतं. त्यावर फार लिहिण्यासारखं नाही.

छोट्या कामांबद्दल मात्र सांगायलाच हवं. मुलगा परदेशी शिकायला निघाला की कोथरूडमधलं एखादं कुटुंब नेटवर्थ सर्टिफिकेटसाठी, म्हणजे मालमत्ता वजा देणी किती याच्या दाखल्यासाठी येतं. काम एका दिवसाचं वाटतं, पण कागद नीट तपासूनच सही करायची आणि अठरा आकडी यूडीआयएन, म्हणजे त्या दाखल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, घ्यायचाच. योग्य फी घ्या; ओळखीचे म्हणून फुकट करू नका, कारण फुकट केलेल्या कामाची शिफारस कुणी मनापासून करत नाही. त्या कुटुंबाचं रिटर्न पुढच्या जुलैत येतं, मग काकांच्या दुकानाचं जीएसटी.

असलेल्या क्लायंटशी संपर्क ठेवणं म्हणजे सणाच्या शुभेच्छा फॉरवर्ड करणं नव्हे. सूक्ष्म आणि लघुउद्योगांची बिलं ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकती न केल्यास आयकरातली वजावट प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच मिळेल, अशी तरतूद आली, तेव्हा मी ज्यांना ती लागू होती त्यांना एकेक करून फोन केला. भोसरीत गुरुवारी साप्ताहिक सुट्टी, त्यामुळे मालक मोकळे सापडतात. तेव्हा कुणाकुणाची बिलं द्यायची राहिली आहेत, त्याची यादी घेऊन समोर बसता येतं. त्यांतल्या काहींनी शेजारच्या गाळ्यातल्या मालकाला स्वतःहून माझ्याकडे पाठवलं. तोच मजकूर अनोळखी कारखानदारांना पाठवला असता, तर ती क्लॉज सहाने मना केलेली मागणी झाली असती.

आणि जे येत नाही ते घेऊ नका. ट्रान्सफर प्रायसिंगचं, म्हणजे एकाच समूहातल्या कंपन्यांनी आपसात लावलेल्या किमती तपासण्याचं काम आलं की मी ते करणाऱ्या मैत्रिणीकडे पाठवते, पहिल्या बैठकीला स्वतः जाऊन बसते. तिच्याकडून ट्रस्टची ऑडिट्स माझ्याकडे येतात. तुमच्या बॅचमधलं कोण कशात मुरतंय, हे आत्तापासून लिहून ठेवा. नोकरीत गेलेल्यांची नावंही त्यात असू द्या, कारण काही वर्षांनी इंटर्नल ऑडिटर निवडण्याच्या बैठकीत त्यांच्यातलंच कुणीतरी बसलेलं असतं.