रिटायर होऊन घरच्यांसकट बाहेर देशी राहायचंय? आधी आईचं नाव कुठल्या फाईलला बसतंय ते बघा

रिटायरमेंट व्हिसा म्हटलं की सगळे पहिला प्रश्न विचारतात, पैसे किती दाखवावे लागतात? मीपण तिथूनच सुरुवात केली आणि चार महिने वाया गेले. एकट्या माणसाला ते चालतं हो, पण मागे बायको, मुलगी आणि आई असेल तर आधी हे बघायचं की तो देश कुणाकुणाला डिपेंडंट (म्हणजे तुमच्यावर अवलंबून, तुमच्याच व्हिसाच्या आधारावर येणारं माणूस) धरतो. पैशाचं गणित त्याच्या नंतर. आमच्या घरी मी ५८ चा, व्हीआरएस घेतलेला, बायको ४८, मुलगी १६ आणि आई ७७. जुळे सोलापुरातलं घर भाड्याने देऊन थायलंडला निघालोय, मेहुणा तिकडे बरीच वर्षं आहे म्हणून. कुणाला अशी फाईल करायची असेल तर आमच्या चुका तरी वाचतील, म्हणून सगळं लिहून ठेवतोय.

देशादेशात लई फरक आहे. मलेशियाच्या एमएम-टू-एच (मलेशिया माय सेकंड होम) स्कीममध्ये बायको-मुलांबरोबर आईवडील आणि सासू-सासरेसुद्धा एकाच फाईलमध्ये बसतात, पण २०२४ पासूनच्या नियमाने सिल्व्हर कॅटेगरीलाच दीड लाख डॉलरची एफडी आणि वर ६ लाख रिंगिटचं घर घ्यावं लागतं, आणि अर्ज लायसन्सवाल्या एजंटमार्फतच जातो. पोर्तुगालच्या डी-सेव्हन व्हिसाला तिथल्या किमान पगाराएवढं दरमहा उत्पन्न दाखवायचं (२०२५ ला ८७० युरो होतं), बायकोसाठी त्यात ५० टक्के आणि प्रत्येक मुलामागे ३० टक्के वाढवायचे. थायलंडला पैसे त्या मानाने कमी लागतात, पण तिथे डिपेंडंट म्हणजे बायको आणि २० वर्षांच्या आतली, लग्न न झालेली मुलं. आई त्यात नाही. हे मला फाईल अर्धी झाल्यावर कळलं आणि दोन रात्री झोप नाही आली, कारण आईला सोडून जायचा प्रश्नच नव्हता.

आता थायलंडचा हिशोब. नॉन-इमिग्रंट ओ-ए म्हणजे ५० च्या पुढच्यांचा एक वर्षाचा व्हिसा. त्याला बँकेत ८ लाख बाट (थायलंडचं चलन) पाहिजेत, नाहीतर महिना ६५ हजार बाट उत्पन्न, नाहीतर वर्षाचं उत्पन्न आणि बॅलन्स मिळून ८ लाख बाट. ८ लाख बाट म्हणजे आपल्या पैशात साधारण बावीस लाख धरा, रेट रोज हलतो. माझ्यासारख्या मध्यम पेन्शनवाल्याला तिसराच रस्ता बरा पडतो, पेन्शन वर्षाची धरायची आणि उरलेलं एफडी मोडून सेव्हिंगला. ओ-ए ला हे पैसे इथल्याच बँकेत असले तरी चालतात. बायको ५० च्या आतली म्हणून तिचा आणि मुलीचा नॉन-ओ नावाचा वेगळा व्हिसा, माझ्या व्हिसावर डिपेंडंट म्हणून. अर्ज प्रत्येकाचा वेगळा, आणि जानेवारी २०२५ पासून भारतातून सगळं थाई ई-व्हिसाच्या साईटवर ऑनलाईन, कागद स्कॅन करून अपलोड करायचे.

खरी मेहनत आहे ती नावांची. आपल्याकडे लग्नात नवरा तांदळाच्या ताटात अंगठीनं बायकोचं नवीन नाव लिहितो, सगळे टाळ्या वाजवतात, आणि पंचवीस वर्षांनी ते नाव व्हिसाच्या फाईलमध्ये आडवं येतं. बायकोच्या शाळेच्या दाखल्यावर सुनंदा, लग्नपत्रिकेत चि. सौ. कां. सुनंदा, आधार-पासपोर्टवर अंजली, आणि मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव परत सुनंदा. म्हणजे कागदावर मुलीची आई वेगळी आणि माझी बायको वेगळी! शिवाय आमच्या लग्नाची नोंदणीच नव्हती, २००० साली कोण करत होतं? मग ट्रंक उघडली, लग्नपत्रिका सापडली, वर अजून वाळलेली हळद होती, कोपरा कसरीने खाल्लेला पण तारीख दिसत होती. तीन साक्षीदार गोळा केले, लग्न लावणारे गुरुजी अक्कलकोटला आहेत, त्यांच्याकडे जाऊन सही आणली आणि महापालिकेत नोंदणी केली. नावाबदलासाठी महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात जाहिरात दिली, त्याचा अर्ज ऑनलाईन होतो. राजपत्राची ती प्रत हातात आल्यावर मुलीचा जन्मदाखला, लग्नाचा दाखला आणि पासपोर्ट एका ओळीत आले. तुम्ही आजच काय करा, घरातल्या प्रत्येकाचे सगळे कागद पलंगावर पसरा आणि एकेक अक्षर जुळवा. आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक ए कमीजास्त असला तरी लिहून ठेवा. जन्मदाखल्यात बाळाच्या नावाचा रकाना कोरा असेल तर तो आधी भरून घ्या.

लग्नाचा दाखला तसाच चालत नाही बरं का, आधी राज्य सरकारकडून आणि मग परराष्ट्र मंत्रालयाकडून अटेस्ट करायचा. परराष्ट्र मंत्रालय सामान्य माणसाकडून कागद थेट घेत नाही, त्यांनी नेमलेल्या एजन्सीकडेच द्यावा लागतो. पोर्तुगालसारख्या देशाला जायचं असेल तर तिथे अपोस्टिल (कागद खरा असल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का) लागतं. आमच्या एका ओळखीच्या एजंटने थायलंडच्या कागदांवरपण अपोस्टिल करून घ्या म्हणून पैसे घेतले, ते गेलेच.

पोलिस क्लिअरन्सला मी फसलो. पोलिसांच्या पोर्टलवरून चारित्र्याचा दाखला काढला, तो नोकरी-बिकरीसाठी ठीक आहे, परदेशी राहायला पासपोर्ट ऑफिसचा पीसीसी (पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट) लागतो. पासपोर्ट सेवाच्या साईटवर अर्ज, फी ५०० रुपये. हा पीसीसी आणि मेडिकल सर्टिफिकेट दोन्ही तीन महिन्यांपेक्षा जुने चालत नाहीत, म्हणून हे सगळ्यात शेवटी काढायचे. मी उत्साहात पहिले काढले आणि नावाच्या भानगडीत तारीख उलटून गेली, परत सगळं. मेडिकललाही नुसतं फिट आहे असं लिहून भागत नाही, कुष्ठरोग, क्षयरोग, हत्तीरोग, ड्रग्जचं व्यसन आणि तिसऱ्या स्टेजचा सिफिलिस नाही असं डॉक्टरांनी नाव घेऊन लिहिलं पाहिजे. थाई वकिलातीचा नमुना प्रिंट करून घेऊन जा, डॉक्टरांना समजावत बसावं लागत नाही.

आईचं शेवटी असं जमलं. तीपण ५० च्या वरची आहे ना, मग ती स्वतःच अर्जदार होऊ शकते! होटगी रोडचा प्लॉट विकला त्यातला तिचा हिस्सा तिच्या एकटीच्या खात्यात ठेवला, जॉइंट नको. पण ओ-ए ला १ लाख डॉलर कव्हरचा हेल्थ इन्शुरन्स लागतो, आणि ७७ व्या वर्षी, त्यात शुगर, कुणी पॉलिसी देईना. म्हणून तिचा ९० दिवसांचा नॉन-ओ, आणि तिथे जाऊन वर्षभराचं एक्स्टेन्शन (मुदतवाढ), त्याला हा इन्शुरन्स मागत नाहीत. मात्र त्याला ८ लाख बाट थायलंडच्या बँकेत पाहिजेत आणि अर्जाच्या आधी दोन महिने खात्यात पडून असले पाहिजेत, म्हणजे पोचल्या पोचल्या पहिल्याच आठवड्यात खातं उघडायला लागतं, उशीर परवडत नाही. एक्स्टेन्शन मिळाल्यावर तीन महिने रक्कम तशीच ठेवायची आणि नंतरही ४ लाखांच्या खाली जाऊ द्यायची नाही. इन्शुरन्स नाही म्हणून दवाखान्याचे पैसे वेगळे काढून ठेवलेत, त्याला हात लावायचा नाही असं ठरलंय.

पैसे पाठवताना रिझर्व्ह बँकेची एलआरएस (परदेशी पैसे पाठवायची) मर्यादा माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर, ती आपल्याला कुठे लागते? लागतो तो टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ घेते तो कर. वर्षाला १० लाखांच्या वर जे जाईल त्यावर २० टक्के बँक कापून घेते. आईच्या २२ लाखांतले १२ लाख वर जातात, म्हणजे २ लाख ४० हजार आधीच जास्तीचे तयार ठेवा. रिटर्न भरलं की परत मिळतात, पण आईने जन्मात रिटर्न भरलं नव्हतं, ती तयारी सीएकडून आत्ताच करून घेतली. कायमचं गेल्यावर इथली खाती एनआरओ (परदेशी राहणाऱ्या भारतीयाचं इथलं खातं) करावी लागतात आणि त्यातल्या व्याजावर ३० टक्के टीडीएस आहे, एफडीच्या व्याजावर घर चालवायचं ठरवलं असेल तर हे आधी धरा.

तिकडे गेल्यावर दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा, नोकरी करायची नाही, आणि एक्स्टेन्शनवर असताना गड्ड्याच्या यात्रेला सोलापूरला यायचं झालं तर निघण्याआधी री-एंट्री परमिट काढायचं, एकदाचं १००० बाट, कितीही वेळाचं ३८००. ते न काढता विमानात बसलात की एक्स्टेन्शन गेलं, सगळं पहिल्यापासून.

आणि नोव्हेंबरचा हयातीचा दाखला. आईची फॅमिली पेन्शन आहे, दरवर्षी बँकेत जाऊन सही करायची. आता जीवन प्रमाणच्या ॲपवर मोबाईलसमोर चेहरा धरून होतो, पण त्यात डोळे मिचकावायला लागतात आणि आई फोटो म्हटलं की डोळे ताणून बसते, पहिले पाच-सहा वेळा ॲपने नाहीच घेतलं. शेवटी तिला म्हटलं, डोळ्यात चटणी गेलीय असं समज. झालं लगेच. ही प्रॅक्टिस घरीच करून घ्या, आधारला चालू मोबाईल नंबर जोडलाय का तेपण निघायच्या आधीच बघा.